शब्दाचं गाव शोधायचं कसं? बंदरावरून सुरुवात करणाऱ्यांसाठी

आमच्याकडे कोणी नवीन माणूस दिसला की त्याचं नाव नंतर, आधी "गाव खंयचा?" हे विचारतात. मग आडनाव, मग आजोळ, मग कोणीतरी ओळखीचं निघतंच. मी गेली काही वर्षं शब्दांना हाच प्रश्न विचारत फिरतोय आणि हल्ली दोन-चार पोरं विचारतात की काका हे करायचं कसं, कुठून सुरू करायचं, भाषाशास्त्र शिकायला लागतं का. नाही लागत. वही लागते, पेन्सिल लागते आणि चौकशी करायची सवय लागते, जी कोकणात जन्मापासून असतेच.

पहिलं काम, वही. छोटी, खिशात मावणारी. पेन नको, पेन्सिलच, कारण जेटीवर हात ओले असतात आणि जुलैत तर कागदच दमट असतो, शाई फुटते, माझी एक अख्खी वही अशी गेली. मोबाइलवर रेकॉर्ड करू का असं सगळे विचारतात. करू नका. फोन समोर धरला की मावशी लगेच टीव्हीवरच्या बातम्यांसारखी मराठी बोलायला लागते आणि आपल्याला हवं होतं ते गायब होतं.

वहीत शब्द जसा कानावर आला तसाच लिहायचा. "च्या" ऐकलं तर "च्या" लिहा, घरी येऊन त्याचा चहा करू नका. आणि नुसता शब्द कधीच लिहू नका, अख्खं वाक्य लिहा, कोण बोललं, कुठे बोललं तेही. हे का ते सांगतो. माझ्या सुरुवातीच्या वहीत एका पानावर नुसतं "नांगर" लिहिलेलं आहे. आता हा शेतातला नांगर की होडीचा? शेतातला संस्कृत लांगलपासून आलेला, आणि होडीचा नांगर म्हणजे फारसी लंगर, जो समुद्रावरून आला. दोन वेगळ्या गावचे दोघे, मराठीत येऊन जुळ्या भावांसारखे दिसायला लागले. वाक्य लिहिलं असतं, "नांगर टाक" किंवा "नांगर धर", तर प्रश्नच नव्हता.

दुसरं काम म्हणजे वहीच्या पानावर दोन रकाने आखायचे. एकाला मी "गाव" म्हणतो, दुसऱ्याला "टेम्पो". म्हणजे शब्द जन्मला कुठे आणि आपल्याकडे आणून टाकला कोणी. नवशिके इथेच घसरतात. काजू, अननस, बटाटा, पाव, कोबी, चावी, घमेलं, बादली, बिजागरी, पगार, तुरुंग, नाताळ हे सगळे पोर्तुगीजांकडून आले हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं, तेवढं लिहून वही मिटतात. पण पोर्तुगीज हा बऱ्याचदा नुसता टेम्पोवाला. काजूचा शब्द ब्राझीलमधल्या तुपी लोकांचा, त्यांच्याकडे "अकाजू", पोर्तुगीजात "काजू", आणि झाडही तिकडूनच आलं. अननसही तुपींचाच. बटाटा तर कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो भाषेतला, आणि तिथे त्याचा अर्थ होता रताळं! युरोपात दोन्ही कंदांची सरमिसळ झाली आणि नाव भलत्याला चिकटलं. खऱ्या बटाट्याच्या माहेरी, पेरू देशाच्या डोंगरात, त्याला आजही पापा म्हणतात. उलट पाव, पगार, चावी ही अस्सल त्यांच्या घरची, तिथे गाव आणि टेम्पो एकच.

नाताळचं मला फार आवडतं. पोर्तुगीजात नाताल म्हणजे ख्रिसमस, मूळ अर्थ जन्माचा. १४९७ च्या नाताळात वास्को द गामाची जहाजं आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्याने येत होती, त्याने त्या किनाऱ्याला नाताल नाव ठेवलं, तेच पुढे दक्षिण आफ्रिकेतलं नाताल जिथे गांधीजी वकिली करत होते. ब्राझीलमध्येही नाताल नावाचं शहर आहे, स्थापना २५ डिसेंबर १५९९. आपल्याकडे मात्र त्या शब्दाला केकचा वास आहे.

तिसरं काम शेजाऱ्यांकडे चौकशी. एक शब्द पूर्ण करून दाखवतो, मग पद्धत कळेल.

संध्याकाळी होड्या लागल्या की जेटीवर जा. टोपल्या रांगेने उतरतात, एक माणूस मधे उभा राहतो, बाजूला बायका पदर खोचून, कोणी बर्फाच्या खोक्यावर बसलेली, आणि तो सुरमईच्या ढिगाकडे बोट करून आकडा ओरडतो, मग दुसरा आकडा, मग तिसरा, कोणी तोंडाने बोलत नाही, कोणी भुवई हलवते, कोणी हात, आणि अर्ध्या मिनिटात माल गेलेला असतो. याला आपण लिलाव म्हणतो. वहीत लिहिलं: "लिलाव. जेटी. मावशीचं वाक्य: आज लिलाव लवकर आटापलो."

आता शेजारी बघा. हिंदीत नीलाम, बंगालीतही निलाम. दक्षिणेला उतरलात की मल्याळममध्ये लेलम, तमिळमध्ये एलम. समुद्र ओलांडून इंडोनेशियात लेलांग. बघितलंत, शब्द रस्त्याने नाही आला, किनाऱ्याकिनाऱ्याने बंदरं धरत गेलाय. या सगळ्या बंदरांना जोडणारा त्या काळचा व्यापारी कोण? पोर्तुगीज. त्यांचा शब्द लेलाव, शेवटचा व नाकातला. आणि त्यांच्याकडे तो अरबीतून गेला असं मानतात, जाहीर करणं या अर्थाच्या शब्दावरून. म्हणजे गाव अरबस्तान, टेम्पो पोर्तुगीज, माल उतरला आमच्या जेटीवर. एवढं सगळं मी मावशीला उत्साहाने सांगितलं तर ती म्हणाली, "ता सगळा बरा, पण बांगडो घेतलंस काय?" घेतला.

शेजाऱ्यांची ही युक्ती चहाला तर फारच सुंदर लागू पडते. जगात चहाला मुख्य दोनच नावं आहेत, दोन्ही चिनी. फुजियान किनाऱ्यावरचे लोक "ते" म्हणायचे, तिथून माल उचलणाऱ्या डचांनी ते युरोपभर नेलं, म्हणून इंग्रजी टी, फ्रेंच ते, जर्मन टे. बाकी चीनमध्ये "चा". तो चा खुष्कीच्या मार्गाने इराण, तुर्कस्तान, रशियाला गेला आणि चाय झाला. पोर्तुगीज दक्षिण चीनमधल्या मकाव बंदरात बसलेले, तिथल्या कॅन्टनीज बोलीत चा, म्हणून पश्चिम युरोपात ते जवळजवळ एकटेच चा म्हणतात. आपला चहा, च्या याच बाजूचा. गंमत म्हणजे वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डचांची वखार होती पण त्यांचा ते काय आपल्याकडे रुजला नाही, तमिळ आणि सिंहलीत मात्र ते आहे.

आणि प्रत्येक शब्द बाहेरूनच आला असं समजू नका, आपलेही मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांसारखे बाहेर गेलेत, आणि काही तर गणपतीला परत येतात तसे वेगळेच कपडे घालून परत आलेत. वांगं घ्या. संस्कृतात वातिंगण, इराणात गेल्यावर बादिंगान, अरबांनी पुढे आपलं "अल" लावलं, स्पेनच्या बाजूला आल्बर्जीनिया झालं, त्यातून फ्रेंच ओबर्जीन. पोर्तुगालात बेरिंजेला. आणि तोच पोर्तुगीज शब्द इंग्रजांच्या तोंडी ब्रिंजल होऊन भारतात परत! म्हणजे हॉटेलच्या मेन्यूत ब्रिंजल मसाला वाचता तेव्हा ते आपलंच वांगं, जगप्रवास करून आलेलं. साखरेचं तसंच. शर्करा निघाली ती फारसीत शकर, अरबीत सुक्कर, इंग्रजीत शुगर, आणि रशियनमध्ये चक्क "साखर", जवळपास आपल्यासारखाच उच्चार. एका रशियन टुरिस्टला टपरीवर "साखर?" विचारलं गेलं आणि त्याने मान डोलावली, टपरीवाल्याला वाटलं हा मराठी शिकून आलाय.

किनाऱ्यावरचे शब्द शोधायचे असतील तर होडीपासून सुरुवात करा, अरबी-फारसीची खाण आहे ती. सुकाणू अरबी सुक्कानवरून. होडीचा मालक नाखवा तो फारसी नाखुदा, नाव म्हणजे होडी आणि खुदा म्हणजे धनी. खलाशी अरबी. मुरूडचा जंजिरा म्हणजे अरबी जझीरा, बेट. त्यामुळे आपण "जंजिरा बेट" म्हणतो तेव्हा बेट बेट म्हणतो. बातम्यांचं अल जझीरा तेच, आणि अल्जीरिया देशाचं नावही त्याच शब्दाच्या अनेकवचनावरून. जंजिऱ्याचे सिद्दी हा शब्द सय्यिदी म्हणजे "माझे धनी" वरून, आणि स्पेनचा मध्ययुगातला प्रसिद्ध योद्धा एल सिद, त्याच्या नावातला सिदही हाच.

आता चौथं काम, आणि इथे जरा जास्त वेळ थांबणार आहे कारण इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. गोड गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही.

मित्राच्या होमस्टेवर पाहुणे आले की मी वर्षानुवर्षं बोंबलाची गोष्ट सांगायचो. इंग्रज बोंबलाला बाँबे डक का म्हणतात, तर सुके बोंबील मेल गाडीने जायचे, डब्यावर बाँबे डाक लिहिलेलं असायचं, वास यायचा, म्हणून बाँबे डाकचं बाँबे डक. लोक हसायचे, मीही खूश. एकदा एका शांत बसलेल्या आजोबांनी विचारलं, "रेल्वे कधी सुरू झाली हो?" १८५३, बोरीबंदर ते ठाणे, हे मला माहीत होतं. "आणि बाँबे डक हा शब्द छापलेला कधीचा सापडतो?" ते मी कधी बघितलंच नव्हतं. घरी येऊन शोधलं तर रेल्वेच्या आधीपासून छापलेला आहे. झालं, गाडी यायच्या आधीच बोंबील स्टेशनवर. तेव्हापासून माझा नियम, गोष्ट ऐकली की आधी तारीख विचारायची.

दुसरी कसोटी शेजाऱ्याची. पावाची गोष्ट ऐकली असेल, पीठ पायाने मळायचे म्हणून पाव, किंवा चार जोडलेले असतात, एक म्हणजे पाव हिस्सा, म्हणून पाव. ऐकायला झकास. पण जपानमध्येही ब्रेडला पान म्हणतात, तिथेही पोर्तुगीजांनीच नेला, आणि जपान्यांना मराठी पायाशी किंवा पावशी काय घेणंदेणं? पोर्तुगीज पांव, नाकात म्हणायचा, त्यातून इथे पाव आणि तिथे पान. जी गोष्ट फक्त आपल्याच घरात चालते आणि शेजारी गेलं की कोसळते ती गोष्ट सोडून द्यायची, कितीही जीव जडला असला तरी.

नावात गाव असलं की तर डबल सावध. टर्की नावाचा तो मोठा पक्षी अमेरिकेतला, इंग्रज त्याला तुर्कस्तानचा म्हणतात, तुर्क त्याला हिंदी म्हणतात म्हणजे आपला, डच काल्कून म्हणतात म्हणजे कालिकतचा, आणि पोर्तुगीज म्हणतात पेरू, म्हणजे पेरू देशाचा! चौघांनी चार दिशांना बोट दाखवलं आणि एकाचंही बरोबर नाही. अरबीत संत्र्याला बुर्तुकाल म्हणतात, पोर्तुगालवरून, आणि आपली मोसंबी मोझांबिकवरून असं मानतात, पण संत्री-मोसंबी दोन्ही मुळात आशियाच्याच पोटची. अशा नावावरून एवढंच कळतं की विकणारा कुठून आला होता, माल कुठला ते नाही. हापूसमधला अफोन्सो पण पोर्तुगीज नावाचा, आंबा मात्र इथल्याच मातीतला.

आणि कधी कधी दोन शब्द नुसते सारखे दिसतात, नातं काहीच नसतं. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबारम या भाषेत कुत्र्याला डॉगच म्हणायचे, इंग्रजीशी शून्य संबंध, निव्वळ योगायोग. फारसीत बद म्हणजे वाईट आणि इंग्रजी बॅड, तेही नात्यातले नाहीत. तर आडनाव एक म्हणून भाऊबंद समजू नका, कोकणात तर हे सांगायलाच नको, एका आडनावाची पन्नास घरं असतात आणि निम्म्यांचं एकमेकांशी सुतक नसतं.

पाचवं काम शब्दकोश. हे पटकन सांगतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, पहिली आवृत्ती १८३१, मोठी दुसरी १८५७, आणि दाते-कर्वे वगैरेंचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ पासून निघालेला, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतात. पोर्तुगीज शब्दांसाठी गोव्याचे दालगादो, त्यांनी १९१३ साली आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर अख्खं पुस्तक काढलं, पुढे त्याचं इंग्रजी भाषांतरही झालं. पण आधी माणसं, मग कोश. कोशात शब्द सुक्या मासळीसारखा असतो, टिकतो पण ताज्याची चव बाजारातच.

माणसांकडे जाताना थोडी रीत पाळा. रेवदंड्याजवळ कोर्लई गाव आहे, किल्ल्याच्या पायथ्याशी. पोर्तुगीज तिथून १७४० ला गेले पण तिथल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजातून तयार झालेली भाषा आजही बोलतात, सुमारे हजार माणसं, बाहेरचे तिला क्रिस्ती म्हणतात आणि ते स्वतः "नॉ लिंग", म्हणजे आमची भाषा. तिकडे जाऊन "जरा बोलून दाखवा ना" करू नका, प्राणिसंग्रहालय नाही ते. मासे घ्या, गप्पा मारा, कानावर पडेल ते पडेल.

शेवटचं काम थोडं अवघड पण मला सगळ्यात गोड वाटतं. सुटे शब्द पुरेसे जमले की वापर ऐकायला लागा. म्हणजे आपण रोज जे करतो आणि आपल्याला दिसत नाही ते.

हायवेला पाटी वाचता ना, "येवा, कोकण आपलोच असा". ती "आमचो असा" का नाही? "आमचो" म्हटलं की ऐकणारा बाहेर उभा राहिला, "आपलो" म्हटलं की तो घरात आला. एका शब्दाच्या फरकाने पाहुणा घरचा होतो. इंग्रजीला हे जमतच नाही, त्यांचं एकच वी, हिंदीतही हमवरच भागवतात. पण इंडोनेशियनमध्ये आहे, किता म्हणजे तुझ्यासकट आपण, कामी म्हणजे तू सोडून आम्ही. तमिळमध्ये नाम आणि नांगळ. पापुआ न्यू गिनीच्या तोक पिसिन भाषेत तर इंग्रजी शब्द घेऊनच बनवलंय, यूमी म्हणजे तू आणि मी, मिपेला म्हणजे आम्ही लोक. नव्याने मराठी शिकणारा कोणी "आपण काल जेवलो" म्हणाला आणि तुम्ही तिथे नव्हतात, तर जे विचित्र वाटतं ना, ते वहीत लिहा.

तसंच चहाबिहा. मासेबिसे, पाऊसबिऊस, "बि" लावला की "आणि तसलंच काहीतरी". हिंदीवाले व लावतात, चाय-वाय. तमिळ गि लावतात, पुलि म्हणजे वाघ तर पुलि-गिलि. तुर्क म लावतात, चाय-माय, हुबेहूब आपल्यासारखाच अर्थ. आता मजा बघा, शब्दच "बि" ने सुरू झाला तर? बिस्किटबिस्किट कोणी म्हणत नाही. घरात विचारा, बहुतेक बिस्किटफिस्किट येईल. कोणी शिकवलं? कोणीच नाही. तुर्कांचीही म ने सुरू होणाऱ्या शब्दाला अशीच पंचाईत होते, मग ते मागे फालान जोडून वेळ मारून नेतात. असे अडलेले शब्द शोधा, एका दुपारी पाचसहा मिळतात, पोरांना तर हा खेळ फार आवडतो.

आणि निरोप. आपण निघताना "जातो" म्हणत नाही. मी एकदा घाईत शेजारच्या आजीला म्हटलं, "जातंय गे आजी." तिने सुपातले तांदूळ तसेच ठेवले आणि म्हणाली, "जातंय काय म्हणतस मेल्या, येतंय म्हण." परत उंबऱ्यात यायला लावलं, "येतंय" म्हणवून घेतलं, मग सोडलं. तमिळ लोक "पोयिट्टु वरेन" म्हणतात, जाऊन येतो. जपानी माणूस घरातून निघताना "इत्तेकिमास" म्हणतो, त्याचाही शब्दशः अर्थ जाऊन येतो. हे तिघे एकमेकांकडून शिकले असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही, इथे टेम्पोचा रकाना रिकामाच ठेवायचा. मी त्या पानावर फक्त आजीचं वाक्य लिहून ठेवलंय, तारखेसकट.